खेळून झालेला डाव कुठे राहतो

अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या आयडी सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीनं १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ हा खेळ लोकांपुढे आणला. त्यात एक सोय होती. डॉसच्या काळ्या पडद्यावर खेळाच्या नावापुढे ‘रेकॉर्ड’ असा हुकूम जोडला, की सगळा डाव एका फाइलीत उतरत असे. त्या फाइलीत चित्र नव्हतं आणि आवाजही नव्हता. डूमचं घड्याळ सेकंदाला ३५ ठोके देतं. दर ठोक्याला खेळाडू पुढे-मागे किती सरला, बाजूला किती सरला, किती वळला आणि कोणतं बटण दाबलं, एवढंच चार बाइटांत टिपलं जाई. म्हणजे सेकंदाला १४० बाइट. या हिशेबानं १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीवर जवळजवळ तीन तासांचा खेळ मावत होता.

मी पुण्यात व्हिडिओ संकलन शिकवते. वर्गातली बरीच मुलंमुली स्वतःचा गेमप्ले रेकॉर्ड करतात, रात्री स्ट्रीमही करतात. नवीन बॅच आली की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विचारतं, “मॅडम, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?” त्यांना एखादं नाव आणि चार सेटिंग्ज हव्या असतात. मी नावही सांगते, सेटिंग्जही सांगते, पण सुरुवात या फ्लॉपीपासून करते. कारण रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर निवडताना आपण तीन गोष्टी ठरवत असतो. डावातलं काय राखायचं, ते राखण्याचं ओझं यंत्राच्या कोणत्या भागानं उचलायचं, आणि राखलेलं शेवटी कुणाच्या ताब्यात राहायचं. पहिल्या दोन प्रश्नांवर मुलं तासन्‌तास वाद घालतात. तिसरा क्वचितच कुणाला सुचतो, आणि या कलेचा तीस वर्षांचा इतिहास वाचताना मला तोच सगळ्यांत मोठा वाटत आला आहे.

डूमची ती इवलीशी फाइल पुन्हा चालवली, की खेळ स्वतःच तो डाव नव्यानं खेळत असे. राक्षस पुन्हा त्याच जागी येत, गोळी पुन्हा तशीच लागे. हे शक्य होतं, कारण खेळातले ‘योगायोग’ २५६ आकड्यांच्या एका ठरीव तक्त्यातून येत. तेच आकडे, तेच हुकूम, म्हणून तोच डाव. भातखंड्यांच्या स्वरलिपीत बंदिश लिहून ठेवणं आणि मैफलीचं ध्वनिमुद्रण करणं यांत जो फरक आहे, तोच या डेमो फाइलीत आणि आजच्या व्हिडिओत आहे. स्वरलिपी वाचायला गाणारा लागतो, डेमो चालवायला मूळ खेळच लागतो.

या डेमोंमुळे एक नवी स्पर्धा जन्माला आली. डूमची एखादी पातळी मी अमुक वेळात पार केली, असं म्हणणाऱ्याला फाइल पुढे करता येऊ लागली. १९९४ साली ‘कॉम्पेट-एन’ नावाचा संग्रह सुरू झाला आणि जगभरचे खेळाडू त्यात आपापल्या विक्रमांचे डेमो धाडू लागले. पुरावा म्हणून खेळाची नोंद ठेवण्याची रीत इथून रुजली.

जून १९९६ मध्ये आलेल्या ‘क्वेक’नं ही रीत आणखी पुढे नेली. क्वेकच्या डेमोत खेळाडूची बटणं नसत. सर्व्हरनं पाठवलेली हकिकत असे, कोण कुठे आहे आणि काय घडलं. त्यामुळे नंतर कॅमेरा हलवता येई, तोच प्रसंग दुसऱ्या कोनातून दाखवता येई. त्याच वर्षी ‘रेंजर्स’ नावाच्या खेळाडूंच्या गटानं ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ हा छोटा चित्रपट क्वेकच्या डेमोतच रचला. जून १९९७ मध्ये ‘क्वेक डन क्विक’ आला, सगळ्यांत अवघड पातळीवर संपूर्ण खेळ १९ मिनिटं ४९ सेकंदांत, सिनेमासारखा नव्या कोनांतून मांडलेला. संकलक म्हणून मला या दोन कृतींबद्दल फार आदर आहे. व्हिडिओ एडिटरला हातही न लावता या मुलांनी संकलन केलं होतं.

ही रीत आमच्या सांगलीपर्यंत आली ती काउंटर-स्ट्राइकच्या वाटेनं. तो खेळ ‘हाफ-लाइफ’च्या इंजिनावर चालायचा आणि ते इंजिन क्वेकच्याच वंशातलं. माझ्या दादाचं स्टँडजवळ सायबर कॅफे होतं. दुपारी परीक्षेचे फॉर्म भरणारे यायचे, संध्याकाळी कॉलेजची पोरं लॅनवर काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायला बसायची. ‘डस्ट २’ या नकाशावर सामना रंगला, की कुणीतरी कन्सोल उघडून ‘रेकॉर्ड’ आणि फाइलीचं नाव टाइप करी, सामना संपला की ‘स्टॉप’. दुसऱ्या दिवशी सगळे एका मॉनिटरभोवती गोळा होऊन तो डेमो बघत. “बघ की, भिंतीमागनं मारलंय त्यानं!” असा वाद मिटवायला तो डेमोच उपयोगी पडे. एज ऑफ एम्पायर्स २ खेळणाऱ्यांचंही तसंच होतं, ‘रेकॉर्डेड गेम’च्या बारक्या फाइली पेनड्राइव्हवरून फिरत असत.

पण या फाइलींना दोन मर्यादा होत्या. खेळाला नवा पॅच लावला, की जुनी रेकॉर्डिंग अनेकदा चालेनाशी होई. आणि ज्याच्याकडे खेळच नाही, त्याला काहीच दिसत नसे. आईला, गावाकडच्या मित्राला, शाळेतल्या सरांना डाव दाखवायचा, तर पडद्यावरचं चित्रच पकडायला हवं होतं.

चित्र पकडायचं तर आकडे एकदम अंगावर येतात. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांची एक फ्रेम कच्च्या स्वरूपात सव्वानऊ लाख बाइटांची होते. सेकंदाला अशा ३० फ्रेम घेतल्या, तर एका मिनिटाला दीड जीबीहून जास्त. डूमचं एक मिनिट साडेआठ हजार बाइटांत मावत होतं! शिवाय साधे स्क्रीन रेकॉर्डर खेळासमोर हतबल होते. पूर्ण पडदा व्यापणारा खेळ ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलतो, विंडोजच्या नेहमीच्या वाटेनं जात नाही. त्यामुळे अशा रेकॉर्डरच्या हाती बहुतेकदा नुसता काळा पडदा लागे. ‘हायपरकॅम’ नोटपॅडवर टाइप करून धडे देणाऱ्यांना पुरत होतं, आणि त्याच्या फुकट आवृत्तीची कोपऱ्यातली पट्टी सुरुवातीच्या युट्युबवर जागोजागी दिसे.

ही कोंडी फोडली ‘फ्रॅप्स’नं. ऑस्ट्रेलियातल्या बीपा कंपनीचा हा प्रोग्राम १९९९ सालचा. सुरुवातीला तो खेळ सेकंदाला किती फ्रेम दाखवतो ते मोजायचा आणि कोपऱ्यात पिवळा आकडा झळकवायचा. फ्रेम मोजण्यासाठी तो, खेळ ज्यांतून ग्राफिक्स कार्डाशी बोलतात त्या डायरेक्टथ्रीडी आणि ओपनजीएल यांच्या वाटेवर जाऊन बसला होताच. तिथूनच जाणारी फ्रेम उचलून डिस्कवर लिहायची, एवढं पाऊल पुढे टाकलं आणि जगाला गेमप्लेचा कॅमेरा मिळाला. रेकॉर्डिंग सुरू झालं, की पिवळा आकडा लाल होई.

फ्रॅप्सनं ओझं डिस्कवर टाकलं. प्रोसेसर खेळातच गुंतलेला असे, म्हणून फ्रॅप्स फ्रेम अगदी हलक्या हातानं दाबून सरळ लिहून टाकी, आणि फाइल ४ जीबीच्या जवळ आली की दुसरी सुरू करी. दादाच्या कॅफेतल्या डिस्का ४० जीबीच्या होत्या. “थांब की जरा, डिस्क भरली बघ,” हे वाक्य मी तिथं कितीतरी संध्याकाळी ऐकलं. शिवाय रेकॉर्डिंग चालू असताना खेळाचा वेग रेकॉर्डिंगच्या वेगावर येऊन थांबे, त्यामुळे चांगले नेमबाज फ्रॅप्स लावायला तयार नसत. फुकट आवृत्ती एका वेळी ३० सेकंदच टिपे आणि वर स्वतःचं नाव छापे. पूर्ण आवृत्तीला ३७ डॉलर लागत, त्या वेळच्या दीड हजार रुपयांच्या आसपास, आणि परदेशी पैसे भरणारं कार्ड. आमच्या ओळखीत असं कार्ड कुणाकडेच नव्हतं.

त्यात भारनियमन. सांगलीत तेव्हा रोज ठरल्या वेळी आणि कधी न ठरल्या वेळीही वीज जायची. फ्रॅप्सच्या एव्हीआय फाइलीची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपताना शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली, की भलीमोठी फाइल डिस्कवर असे, पण प्लेयर ती उघडत नसे. तेव्हा ‘व्हर्चुअलडब’ हे फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर कामी येई. ते फाइल चाचपत जाऊन अनुक्रमणिका पुन्हा बांधी. संकलनाच्या कामाशी माझी पहिली ओळख झाली ती अशीच, तुटलेली फाइल जोडताना. मोठी फाइल एक्सव्हिडमध्ये दाबून लहान करण्याचं कामही तेच करी, फक्त त्याला रात्र लागे.

पुढे अपलोड. देशाच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस मानला होता. पूर्ण २५६ मिळाला, तरी १०० एमबीचा व्हिडिओ चढवायला पाऊण तासाच्या वर लागतो. युट्युबवर २००६ पासून सर्वसाधारण खात्यांना दहा मिनिटांची मर्यादा होती. ती जुलै २०१० मध्ये पंधरा मिनिटांवर गेली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून हळूहळू उठली. त्या काळचे गेमप्ले ‘भाग १’, ‘भाग २’ असे तुकड्यांत दिसतात, त्यामागे हे कारण आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत २००७ साली ‘जस्टिन डॉट टीव्ही’ सुरू झालं. एक माणूस डोक्याला कॅमेरा लावून आपलं आयुष्य थेट दाखवत होता. लवकरच कुणालाही तिथं प्रक्षेपण करता येऊ लागलं आणि खेळणाऱ्यांची गर्दी एवढी वाढली, की जून २०११ मध्ये खेळांसाठी ‘ट्विच’ ही वेगळी जागा निघाली. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०१० मध्ये, स्टारक्राफ्ट २ आला होता आणि त्याचे सामने बघायला हजारो लोक बसत होते.

थेट दाखवायचं, तर डिस्कवर ओझं टाकून भागत नाही. चित्र त्याच क्षणी दाबून बारीक करावं लागतं. आज प्रचलित असलेली पूर्ण एचडी, सेकंदाला ६० फ्रेमची कच्ची धार मिनिटाला २२ जीबीहून जास्त भरते. ६,००० केबीपीएसच्या स्ट्रीममध्ये तेच मिनिट ४५ एमबीत बसतं, साधारण पाचशेवा हिस्सा. हे काम केलं २००३ साली ठरलेल्या एच.२६४ या मानकानं आणि त्यावर व्हिडिओलॅनच्या छत्राखाली लिहिलेल्या ‘एक्स२६४’ या खुल्या एन्कोडरनं. ओझं आता प्रोसेसरवर आलं.

सुरुवातीचे स्ट्रीमर अडोबीचा ‘फ्लॅश मीडिया लाइव्ह एन्कोडर’ वापरत. तो वेबकॅमसाठी बनलेला होता, म्हणून मध्ये एक ड्रायव्हर बसवून पडद्यालाच वेबकॅम भासवावं लागे. २०१० मध्ये ‘एक्सस्प्लिट’ आलं आणि खेळ, वेबकॅम, अक्षरं, चित्रं हे सगळं एकाच खिडकीत मांडण्याची सोय झाली. पुढे ते पैसे घेऊन परवाना देऊ लागलं आणि फुकट आवृत्तीत काही सोयी बंद राहिल्या. ती त्यांची मेहनत होती आणि तिचं मोल मागणं रास्तच होतं. पण शिकत्या मुलांसाठी वाट अरुंद झाली.

सप्टेंबर २०१२ मध्ये ‘ओपन ब्रॉडकास्टर सॉफ्टवेअर’ प्रसिद्ध झालं, तेच आपलं ओबीएस. ‘जिम’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ह्यू बेली या प्रोग्रामरनं सुरू केलेला हा छोटासा प्रकल्प. जीपीएल परवान्याखाली कोड खुला, वापर फुकट, चित्रावर कोणतीही पट्टी नाही, वेळेची मर्यादा नाही. पुढे तो नव्यानं लिहून ‘ओबीएस स्टुडिओ’ झाला आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालू लागला. त्याच्या कोडवर इतरांनीही इमारती बांधल्या. स्ट्रीमलॅब्स हे त्यांतलं एक मोठं नाव. नोव्हेंबर २०२१ मध्ये मूळ प्रकल्पानं जाहीरपणे तक्रार केल्यावर स्ट्रीमलॅब्सनं आपल्या नावातून ‘ओबीएस’ काढलं. खुला कोड कुणीही घ्यावा, नाव मात्र ज्याचं त्याचं, ही रेघ तेव्हा स्पष्ट झाली.

ओबीएस आलं त्याच सुमाराला ओझं पुन्हा सरकलं. इंटेलनं जानेवारी २०११ पासून प्रोसेसरमध्येच ‘क्विक सिंक’ हा वेगळा एन्कोडर बसवला. एनव्हिडियानं २०१२ च्या केप्लर कार्डांपासून ‘एनव्हीएनसी’ आणला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यावर चालणारा ‘शॅडोप्ले’ दिला. गेलेली काही मिनिटं तो सतत धरून ठेवी. एखादा झकास क्षण घडून गेल्यावर बटण दाबलं, तरी तो हाती लागे. २०१५ साली विंडोज १० मध्येच रेकॉर्डिंग आलं. सुरुवातीला हार्डवेअर एन्कोडरचं चित्र एक्स२६४ च्या तुलनेत धुरकट असे. २०१८ च्या ट्युरिंग कार्डांपासून तो फरक बराच मिटला. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, एकाच पीसीवर खेळून स्ट्रीम करायचं असेल, तर कार्डातला एन्कोडर वापरा आणि प्रोसेसर खेळाला द्या. लॅपटॉपवर ओबीएसमध्ये काळा पडदा दिसला, तर दोन ग्राफिक्स चिपांपैकी ओबीएस कोणत्या चिपवर चालतंय ते आधी तपासा.

ओझ्याचा प्रश्न असा सुटत गेला. ताब्याचा मात्र चिघळत गेला.

‘ओन्ड टीव्ही’ ही ट्विचची स्पर्धक जागा जानेवारी २०१३ मध्ये बंद झाली. जस्टिन डॉट टीव्हीवरचे जुने व्हिडिओ २०१४ च्या जूनमध्ये पुसले गेले आणि ऑगस्टमध्ये ती जागाच मिटली. त्याच ऑगस्टमध्ये ॲमेझॉननं ट्विच ९७ कोटी डॉलरना घेतलं. त्याच महिन्यात ट्विचनं जाहीर केलं, की साध्या खात्यांची जुनी प्रक्षेपणं १४ दिवसच राहतील, भागीदारांची ६०. ‘एक्सफायर’ ही गेमरांची लाडकी सेवा, जिथं लोक खेळाचे व्हिडिओ ठेवत, जून २०१५ मध्ये अगदी थोडक्या मुदतीची सूचना देऊन बंद झाली. २०२५ मध्ये ट्विचनं निवडक क्षणांच्या साठ्यालाही १०० तासांची मर्यादा घातली. यांत दुष्टावा शोधायचं कारण नाही. साठवणुकीला खर्च येतो आणि कंपनी आपला खर्च बघणारच. पण ज्यांनी स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांची वर्षंच्या वर्षं गेली.

याउलट १९९४ चे डूम डेमो आजही चालतात. आयडीनं डिसेंबर १९९७ मध्ये डूमचा सोर्स कोड खुला केला आणि त्यावरून लोकांनी ‘चॉकलेट डूम’सारख्या आवृत्त्या बांधल्या, जुन्या खेळाशी अगदी तंतोतंत जुळणाऱ्या. फाइल लोकांच्या हातात होती आणि ती वाचण्याची किल्लीही लोकांना मिळाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातले हेन्री लोवूड यांनी इंटरनेट अर्काइव्हवर खेळांतून घडलेल्या चित्रपटांचा संग्रह उभा केला, तोही निर्मात्यांजवळ फाइली शिल्लक होत्या म्हणूनच.

हे मी इतक्या तळमळीनं का सांगते? कारण आपल्याकडे हा इतिहास आत्ता घडतो आहे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, पाठोपाठ घरोघरी फायबर आलं, आणि तालुक्याच्या गावातली मुलं मराठीत बोलत खेळ दाखवू लागली. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला. त्यातली भारतीय धाटणीची देवळं आणि भित्तिचित्रं पाहताना आपली मुलं जे उद्गार काढतात, ते कुठल्याही डेमो फाइलीत मावणारे नाहीत. खेळाचं चित्र उद्या पुन्हा काढता येईल. कराडच्या एखाद्या मुलीनं त्या क्षणी आपल्या बोलीत काय म्हटलं, ते पुन्हा मिळणार नाही. शंभर वर्षांनी कुणी एकविसाव्या शतकातल्या मराठी पोरांच्या बोलण्याचा अभ्यास करायला बसलं, तर या रेकॉर्डिंगइतका जिवंत ऐवज त्याला दुसरीकडे सापडणं अवघड आहे.

म्हणून “कोणतं सॉफ्टवेअर?” या प्रश्नावर माझं उत्तर ठाम आहे. नुसता एखादा क्षण टिपायचा असेल, तर कार्डाबरोबर येणारं किंवा विंडोजमधलं साधन पुरे. पण नियमानं खेळणार आणि बोलणार असाल, तर ओबीएस शिका. स्ट्रीम सुरू होताच आपल्या डिस्कवर रेकॉर्डिंगही सुरू होईल, अशी खूण त्याच्या सेटिंग्जमध्ये आहे, ती आधी करा. फाइल एमकेव्हीत घ्या. साध्या एमपी४ चीही अनुक्रमणिका शेवटीच लिहिली जाते आणि वीज गेली तर ती फाइल मरते. एमकेव्ही तिथवरचं सगळं राखते, आणि नंतर ओबीएसच तिची एमपी४ करून देतं. ओबीएस सहा स्वतंत्र ध्वनिपट्ट्या घेऊ शकतं. एका पट्टीवर खेळ आणि दुसरीवर फक्त तुमचा आवाज ठेवा. महिन्याच्या शेवटी सगळं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि फाइलीच्या नावात तारीख, खेळ, गाव लिहा.

स्ट्रीमिंगच्या जागा येतील आणि जातील, त्यांचे मालक आणि नियम बदलतील. त्यांच्यावर खुशाल खेळा, माणसं जोडा, पैसे मिळवा. पण मूळ प्रत कुणीही वाचू शकेल अशा फाइलीत, स्वतःच्या डिस्कवर असू द्या. तीस वर्षांत जे डाव टिकले, ते खेळणाऱ्यांनी स्वतःकडे ठेवले म्हणून टिकले. मराठी डावही तसेच टिकतील, आणि ते काम आपल्यावाचून दुसरं कुणी करणार नाही.